कडाक्याच्या थंडीसाठी शिकारी बूट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बूट स्वतः ऊब तयार करत नाही. पायाने तयार केलेली ऊब तो फक्त धरून ठेवतो. त्यामुळे ‘सगळ्यांत गरम बूट कोणता?’ हा प्रश्नच चुकीच्या टोकाने सुरू होतो. किती चालणार, हालचाल न करता किती वेळ बसणार आणि पाय कोरड्या बर्फात असणार की चिखलपाण्यात, हे आधी ठरवा. पुढची उत्तरं मचाणावर किंवा लपणात बसणाऱ्यांना आणि दिवसभर माग काढत हिंडणाऱ्यांना समोर ठेवून दिली आहेत. कॅमेरा घेऊन बर्फात दबा धरून बसणाऱ्यांनाही ती तशीच लागू पडतात.

बुटावर लिहिलेले ४००, ८००, १२०० ग्रॅम म्हणजे नेमकं काय?

ते बुटाचं वजन नाही. आत भरलेल्या अस्तराचं एकूण वजनही नाही. थिन्सुलेटसारख्या कृत्रिम तंतूंचा एक चौरस मीटर थर घेतला, तर त्याचं वजन तेवढे ग्रॅम भरतं. आकडा वाढला की थर जाड होतो आणि त्यात अडकलेली हवा वाढते. थंडी अडवण्याचं काम ती हवाच करते.

हा आकडा वाचताना दोन ठिकाणी फसगत होते. एक म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या अस्तरांची तुलना नुसत्या ग्रॅमवरून करता येत नाही. एकाचे ६०० दुसऱ्याच्या ६०० इतके उबदार असतीलच असं नाही. दुसरं म्हणजे आकडा बहुधा बुटाच्या वरच्या भागाचा असतो. तळव्याखाली तो थर तेवढा असेल याची खात्री नसते, आणि असला तरी अंगाच्या वजनाखाली चेपून त्यातली हवा निघून जाते. पाय गारठायला सुरुवात बहुतेक वेळा तळव्याकडून आणि बोटांकडून होते, ती यामुळेच.

मग माझ्यासाठी किती ग्रॅम?

आधी हालचाल बघा, तापमान नंतर. सतत चढ-उतार करणाऱ्याला शून्याच्या जरा खालीही अस्तर नसलेला किंवा २०० ग्रॅमचा बूट पुरतो. चालत असताना स्नायू इतकी उष्णता तयार करतात की त्याहून जास्त अस्तर घाम काढतं. चालणं आणि मधेमधे थांबणं असा दिवस असेल आणि तापमान शून्य ते उणे १० अंश सेल्सिअस असेल, तर ४०० ग्रॅम हा समजूतदार मध्य आहे. निम्मा वेळ बसून जाणार असेल तर ८००. मचाणावर चार-पाच तास बसायचं आणि पारा उणे १० च्या खाली असेल तर १००० ते १२००. उणे २० च्या खाली बसून राहायचं असेल तर १६०० ते २००० ग्रॅम, किंवा सरळ सुटं लायनर (काढता येणारं आतलं अस्तर) असलेला पॅक बूट (तो पुढे समजावला आहे).

हे आकडे ढोबळ आहेत. ज्यांचे हातपाय घरातही गार असतात, ज्यांना मधुमेह आहे किंवा पायांचं रक्ताभिसरण मंद आहे, त्यांनी एक पायरी वर जावं. पायाला भरपूर घाम येत असेल तर मात्र एक पायरी खाली यावं आणि बसण्यासाठी वेगळी सोय करावी (ती पुढे दिली आहे).

सगळ्या हंगामाला एकच जोड हवा असा हट्ट असेल तर ४०० ग्रॅमचा घ्या, १२०० चा नको. कमी अस्तराच्या बुटाला बसताना वरून मदत देता येते. जास्त अस्तराच्या बुटातून चालताना ऊब काढून टाकता येत नाही.

‘उणे ४० अंशांपर्यंत’ असं लिहिलेलं असतं. ते कितपत मानायचं?

उत्पादकाच्या स्वतःच्या दोन मॉडेलांची आपसांत तुलना करण्यापुरतं. शिकारी बुटांवरचे हे अंश सगळ्यांनी एकाच पद्धतीने मोजलेले नसतात, आणि बरेचदा माणूस चालतो आहे असं गृहीत धरलेलं असतं. बसून राहणाऱ्याने त्या आकड्यात वीसेक अंशांची सूट धरलेली बरी.

औद्योगिक सुरक्षा बुटांवर ‘सीआय’ (कोल्ड इन्सुलेशन, म्हणजे थंडीरोधक) ही खूण दिसते, तिच्यामागे मात्र ठरलेली चाचणी आहे. बूट उणे १७ अंशांत ३० मिनिटं ठेवल्यावर आतल्या इनसोलच्या (पायाखालच्या तळपट्टीच्या) पृष्ठभागाचं तापमान १० अंशांपेक्षा जास्त घसरता कामा नये. चाचणी उपयोगाची आहे, पण ती फक्त तळाची आणि अर्ध्याच तासाची. पहाटेपासून दुपारपर्यंत मचाणावर बसणाऱ्याला तिच्यातून पूर्ण उत्तर मिळत नाही.

१२०० ग्रॅमचा बूट घेतला तरी पाय गारठतात. असं का?

सगळ्यांत जास्त तक्रारी याच असतात, आणि दोष क्वचितच अस्तराचा असतो. कारणं साधारण या क्रमाने तपासा.

पहिलं, बूट घट्ट आहे का? जाड मोजे घालून बूट आवळला गेला की दोन गोष्टी एकदम बिघडतात. मोज्यातली आणि अस्तरातली हवा दाबून निघून जाते आणि पावलाच्या वरच्या बाजूच्या रक्तवाहिन्यांवर दाब येतो. ऊब पायापर्यंत रक्तच घेऊन येतं. ते कमी आलं की बाहेर कितीही अस्तर असो, बोटं बधिर होणारच. मोज्यांचा एक थर काढून बघा. पाय आधीपेक्षा उबदार राहिला तर कारण सापडलं.

दुसरं, घाम. दोन्ही तळपायांत मिळून सुमारे अडीच लाख घर्मग्रंथी असतात. ठिकाणावर पोचेपर्यंतच्या तासाभराच्या चालीत मोजे ओले होतात आणि बसल्यावर तीच ओल पाय गार करते. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. बूट बाहेरून कोरडा असतो, म्हणून माणसाला आतली ओल लक्षातच येत नाही. संशय असेल तर पोचल्यावर मोजा काढून हाताच्या मुठीत दाबा. दमट लागला तर बूट गरजेपेक्षा गरम आहे, कमी गरम नाही.

तिसरं, पायाखाली काय आहे? लोखंडी मचाण किंवा गोठलेली जमीन तळव्यातून उष्णता ओढून घेते. बंद पेशींच्या फोमच्या चटईचा १० मिमी जाडीचा, दोन्ही पावलं मावतील एवढा तुकडा पायाखाली टाका. इतक्या कमी खर्चात इतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. शिवाय मचाणावर पाय सरकवल्याचा आवाजही येत नाही.

चौथं, बाकीचं अंग. धड थंड पडू लागलं की शरीर आतल्या अवयवांसाठी ऊब राखून ठेवतं आणि हातापायांच्या कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसून घेतं. टोपी, मानेभोवतीचं कापड आणि मांड्यांवरचा एक जास्तीचा थर यांचा परिणाम पायांच्या बोटांवर दिसतो. तंबाखू आणि सिगारेटमधलं निकोटिनही रक्तवाहिन्या आकसवतं. दारूचं उलट आहे. कातडीतल्या वाहिन्या फाकतात, तात्पुरतं गरम वाटतं आणि अंगातली ऊब भराभर बाहेर जाते.

एवढं सगळं तपासून झाल्यावरच जास्त ग्रॅमच्या बुटाचा विचार करा.

चामड्याचे, रबरी की पॅक बूट?

डोंगरात, खडकाळ उतारावर आणि पाठीवर वजन असताना चामड्याचे. घोट्याला आधार, पावलावर नेमकी पकड आणि सोल बदलून घेण्याची सोय एकत्र फक्त यांत मिळते. मात्र चामड्याला वास धरतो, वाळायला वेळ लागतो आणि नवे बूट रुळवावे लागतात.

पाणथळ जागा, ओढे, दलदल आणि छोटी चाल यांना रबरी बूट बरे. ५ मिमी निओप्रीनवर (फोमसारख्या कृत्रिम रबरावर) रबर चढवलेले बूट पहिल्या दिवसापासून मऊ असतात, पुसले की स्वच्छ होतात आणि माणसाचा वास मागे कमी सोडतात. हरणांच्या वाटेशेजारी बसणारे ते पसंत करतात ते यासाठी. पण रबरातून वाफ बाहेर जात नाही. दोन-तीन किलोमीटर झपझप चालल्यावर आत ओल होणारच, आणि उतारावर टाच आत वरखाली सरकते.

पॅक बूट म्हणजे खाली रबर, वर चामडं किंवा जाड कापड आणि आत काढता येणारं लोकरी नमद्याचं लायनर. या जातीच्या बुटाचा मूळपुरुष १९१२ च्या सुमारास अमेरिकेतल्या मेन राज्यात लिऑन लिऑनवुड बीन यांनी बनवला. पहिल्या शंभर जोडांपैकी नव्वद परत आले, कारण चामडं आणि रबर जिथे शिवलं होतं तिथेच ते उसवलं. आजही जुना पॅक बूट हाती आला तर आधी तीच शिवण तपासावी. बसून राहण्याच्या कामाला आणि कोरड्या, खोल बर्फाला पॅक बुटाला तोड नाही. लायनर दोन जोड ठेवावेत, एक पायात आणि एक वाळत. तीव्र उतारावर मात्र हा बूट सैल आणि बोजड वाटतो.

वजनही मोजा. पायावरचं एक किलो पाठीवरच्या पाचेक किलोंइतकं थकवतं असा जुना ठोकताळा आहे. लांब चालणाऱ्याने तो विसरू नये.

गोर-टेक्ससारखा पडदा हवाच का?

हा पडदा बाहेरचं पाणी अडवतो आणि आतली वाफ बाहेर सोडतो. तापमान शून्याच्या आसपास असेल तर तो हवा. वितळता बर्फ आणि ओलं गवत ही पाय भिजण्याची सगळ्यांत वाईट स्थिती, कोरड्या उणे २० पेक्षाही वाईट. उणे २० च्या खाली बर्फ भुकटीसारखा कोरडा असतो. तिथे बाहेरून पाणी येण्याची भीती फार कमी, आणि जाड अस्तराच्या बुटात आतली वाफ पडद्यापर्यंत पोचण्याआधीच अस्तरात थिजून बसते. अशा हवेत काढून वाळवता येणारं लायनर जास्त कामाचं.

माप कसं घ्यायचं?

संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात. जे मोजे घालणार तेच घालून कागदावर उभे राहा, पूर्ण वजन टाका आणि टाचेपासून सगळ्यांत लांब बोटापर्यंत मिलिमीटरमध्ये मोजा. सगळ्यांचा अंगठाच लांब असतो असं नाही. दोन्ही पाय मोजा आणि मोठा धरा. बुटाची आतली लांबी यापेक्षा १२ ते १५ मिमी जास्त हवी.

बुटाचा इनसोल बाहेर काढून त्यावर उभं राहणं ही सगळ्यांत सोपी परीक्षा. बोटांपुढे ती जागा दिसली पाहिजे आणि चवडा इनसोलच्या कडेबाहेर सांडता कामा नये. मग बूट घालून उतरत्या फळीवर किंवा जिन्यावर खाली तोंड करून उभे राहा. बोटं पुढे टेकली तर बूट लहान आहे. टाच चालताना पाचेक मिमी उचलली गेली तर चालेल, त्याहून जास्त नको. बुटात बोटं मोकळी वर-खाली करता यायला हवीत, कारण बसल्याजागी रक्त खेळवण्याचा तोच उपाय आहे.

ऑनलाइन घेताना नंबरावर विसंबू नका. युरोपीय नंबरात एका अंकाचा फरक ६.६७ मिमी असतो, तर ब्रिटिश आणि अमेरिकी मापात ८.४७ मिमी. पुरुषांच्या मापात अमेरिकी नंबर ब्रिटिश नंबरापेक्षा साधारण एकाने मोठा असतो. पावलाची लांबी मिलिमीटरमध्ये दिलेला तक्ता असेल तोच वापरा.

‘थंडीसाठी एक नंबर मोठा घ्या’ हा सल्ला सरसकट पाळू नये. जाड मोज्यासाठी बहुधा अर्धा नंबर पुरतो. फार मोठ्या बुटात पाय सरकतो, फोड येतात आणि मग माणूस लेस आवळतो, म्हणजे पुन्हा तोच घट्टपणा.

मोजे किती आणि कोणते?

आत पातळ कृत्रिम किंवा मेरिनो लोकरीचा मोजा आणि त्यावर एक जाड लोकरीचा. बस. सुती मोजा कधीही नको, तो भिजतो आणि भिजलेलाच राहतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकी ओल शोषूनही पायाला ओली लागत नाही. दोन जाड मोजे घालायचे असतील तर बूट तसं माप घेऊनच विकत घेतलेला असावा, नाहीतर दुसरा मोजा नुकसानच करतो.

लेस कशी बांधावी?

दोन भागांत. पावलावर सैल आणि घोट्याशी घट्ट. घोट्याच्या वळणापाशी लेस दोन वेढ्यांची गाठ मारून अडकवा, म्हणजे वरचा ताण खाली उतरत नाही. चढावर वरचे हूक मोकळे सोडा, उतारावर पुन्हा आवळा. बसल्यावर पावलावरची लेस आणखी ढिली करा. ही एवढी सवय लावून घेतली तरी बरेच लोक पुढचा महागडा बूट घेणार नाहीत.

ठिकाणावर पोचायला तासभर चालावं लागतं, मग तिथे तासन्‌तास बसायचं असतं. एकाच बुटात दोन्ही कसं जमवायचं?

एका बुटात जमवू नका. कमी अस्तराचा बूट आणि पातळ मोजा घालून जा, बुटाचा गळा मोकळा ठेवा आणि घाम फुटणार नाही इतपत सावकाश चाला. पोचल्यावर बूट काढा, पाय कोरड्या फडक्याने पुसा, पिशवीतून आणलेले कोरडे मोजे घाला. मग एकतर पाठीला बांधून आणलेला जड बूट चढवा, किंवा तोच बूट घालून वरून अस्तर असलेलं बूट-आवरण ओढा. आवरण हलकं असतं आणि बुटासकट पाय त्यात जातो. ते घालून चालायचं नसतं. तळ गुळगुळीत असल्याने मचाणाच्या शिडीवर ते धोक्याचं आहे, म्हणून वर बसल्यावरच घाला आणि उतरण्यापूर्वी काढा.

ओले मोजे अंगावरच्या दोन थरांच्या मधे, पोटाशी ठेवले तर परतीपर्यंत बरेच वाळतात.

सोल कसा असावा?

खोल, एकमेकांपासून दूर खाचांचा, म्हणजे बर्फ आणि चिखल अडकून बसत नाही. स्वस्त पीव्हीसी थंडीत लाकडासारखं कडक होतं आणि निसरडं बनतं. चांगलं रबर लवचीक राहतं. ओल्या, गुळगुळीत बर्फावर मात्र कुठलंच रबर भरवशाचं नाही, तिथे बुटावर चढवायचे खिळ्यांचे पट्टे लागतात. सोल आणि इनसोल यांच्यामध्ये फोमचा जाड थर आहे का तेही बघा. पातळ सोलाचा बूट कितीही ग्रॅमचा असला तरी जमिनीपुढे हरतो.

उंची किती?

चालण्यासाठी ८ ते १० इंच. खोल बर्फ किंवा पाणी असेल तर रबरी १६ ते १८ इंच. कधीतरीच खोल बर्फ लागत असेल तर छोटा बूट आणि नडगीवर चढणारी आवरणं (गेटर) हा जास्त शहाणपणाचा जोड.

पायात घालायचे उष्णता-पॅड कामाचे आहेत का?

आहेत, पण त्यांना हवा लागते. आत लोखंडाची भुकटी असते आणि ती गंजताना उष्णता निघते. घट्ट बंद बुटात ऑक्सिजन कमी पडतो आणि पॅड मंदावतं. म्हणून पायांसाठी वेगळी बनवलेलीच घ्या, ती कमी हवेत चालतील अशी बनवलेली असतात. हाताची पॅड बुटात घातली तर अर्ध्या वाटेत गार पडतात. पॅड मोज्यावर चिकटवा, कातडीवर कधीच नाही, कारण बधिर पायाला भाजल्याचं कळत नाही. बुटात पॅडसाठी जागा नसेल तर ती घालू नका.

सैन्याचे फुगीर पांढरे रबरी बूट शिकारीला चालतील?

अमेरिकी सैन्याच्या या बुटांत लोकरी अस्तर रबराच्या दोन थरांमध्ये पूर्ण बंद केलेलं असतं, त्यामुळे ना बाहेरचं पाणी अस्तरात शिरतं ना पायाचा घाम. पांढरा प्रकार उणे ५४ अंशांसाठी, काळा उणे २९ साठी. बाजूला दिसणारी झडप विमानातून जाताना आतला हवेचा दाब सारखा करण्यासाठी असते. तिच्यातून हवा भरून बूट जास्त गरम होतो हा गैरसमज आहे. स्थिर बसायला हे उत्तम. पाय मात्र घामाने ओला राहतो, म्हणून मोजे दिवसातून दोनदा तरी बदलावे लागतात. रबराला एक छिद्र पडलं की आतली लोकर पाणी पिते आणि बूट वाया जातो.

बोटं बधिर झाली तर कधीपर्यंत थांबायचं?

थांबायचंच नाही. दुखणं थांबून बधिरपणा येणं ही सुधारणा नव्हे, धोक्याची खूण आहे. उठा, चाला, लेस सैल करा. पंधरा-वीस मिनिटांत संवेदना परतली नाही तर दिवस आटोपता घ्या.

कातडी पांढरी किंवा राखाडी, मेणासारखी आणि कडक दिसली तर हिमदंश धरून चाला. चोळू नका, बर्फ लावू नका, शेकोटीशी नेऊ नका. पुन्हा गोठण्याची शक्यता नसेल तेव्हाच ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात पाय बुडवून ऊब द्या आणि लगेच डॉक्टरकडे जा. वितळलेल्या पायावर चालणं किंवा तो पुन्हा गोठू देणं यातून फार मोठं नुकसान होतं. ऊब देण्याची सोय परतल्यावरच होणार असेल तर गोठलेल्या पायानेच परत चालत येणं कमी वाईट.

रात्रीत बूट कसे वाळवायचे?

शेकोटी किंवा हीटरपासून लांब. हाताला जेमतेम कोमट लागेल, साधारण ४० अंश, त्याहून जास्त उष्णता नको. जास्त आचेने चामडं तडकतं आणि सोलाचा गोंद सुटतो. इनसोल आणि लायनर बाहेर काढा, लेस पूर्ण उघडा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि पहिल्या काही तासांत ते दोन-तीनदा बदला. तंबूत मुक्काम असेल तर लायनर स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपा. बूट बाहेर राहिले तर सकाळी ओले चामडी बूट दगडासारखे गोठलेले मिळतात आणि पायात जातच नाहीत.

तेल लावावं का?

पडदा असलेल्या बुटाला तेल किंवा चरबीचं मलम भरपूर चोपडू नका. चामड्याची छिद्रं बुजतात आणि चामडं नको इतकं मऊ पडतं. आधी कोमट पाणी आणि मऊ ब्रशने चिखल काढा, मग मेणाचा पातळ हात द्या, शिवणींवर जरा जास्त. रबराला तेल नकोच. उन्हापासून आणि चालू विद्युत मोटर असलेल्या यंत्रांपासून ते दूर ठेवा, कारण ओझोनने रबराला चिरा पडतात.

बूट नीट जपून ठेवले होते, पहिल्याच दिवशी सोल भुगा होऊन गळला. असं कसं?

सोलमधला पॉलियुरेथेन फोम हवेतल्या दमटपणाने हळूहळू विघटित होतो. बूट वापरा किंवा खोक्यात ठेवा, पाच ते दहा वर्षांत हे होऊ शकतं, आणि बंद खोक्यात पडून राहिलेल्या बुटाचं नियमित वापरातल्यापेक्षा लवकर होतं. म्हणून जुना साठा स्वस्तात मिळत असेल तर जिभेच्या आतल्या लेबलवर उत्पादनाचं वर्ष शोधा. सोलच्या बाजूचा फोम अंगठ्याने दाबा. बारीक चिरा दिसल्या, भुकटी निघाली किंवा दाबलेला खळगा तसाच राहिला तर घेऊ नका. घरातल्या बुटांची हीच तपासणी हंगामाच्या महिनाभर आधी करा, आणि बुटात कागद ठेवून, ते घालून बादलीभर पाण्यात घोट्यापर्यंत पंधरा मिनिटं उभे राहून तो कागद ओला होतो का तेही बघून घ्या. सोल शिवलेला असेल तर मोची नवा बसवून देऊ शकतो, पण त्याला निदान काही आठवडे द्यावे लागतात.